दाताच्या दवाखान्यातली सलाइनची बाटली

वाणियंबाडी हे तमिळनाडूच्या तिरुपत्तूर जिल्ह्यातलं चामड्याच्या उद्योगासाठी ओळखलं जाणारं गाव. २०२२ आणि २०२३ मध्ये उत्तर तमिळनाडूतले काही रुग्ण ताप, डोकेदुखी, अडखळणारी जीभ, अंधुक झालेली नजर अशा तक्रारी घेऊन वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. काहींच्या चेहऱ्याच्या नसा लुळ्या पडल्या होत्या. संसर्ग थेट मेंदूत पोचला होता आणि तो करणारा जंतू होता बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलाय. असे २१ रुग्ण निघाले. त्यांतल्या १० जणांनी वाणियंबाडीतल्या एकाच दाताच्या दवाखान्यात उपचार घेतले होते. या १० पैकी ८ जण दगावले. बाकीच्या ११ जणांमध्ये मृत्यू झाला तो एकाचा.

संशोधकांना हा जंतू त्या दवाखान्यात वापरात असलेल्या सलाइनमध्ये सापडला. हिरडी हाडापासून सोडवायला पेरिऑस्टिअल एलिव्हेटर नावाचं अवजार असतं. सलाइनची बाटली त्यानेच फोडली जायची, मग सैलसर बंद करून ठेवायची आणि पुढच्या रुग्णांसाठी तीच वापरायची. २०२५ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा बातम्यांमध्ये भर होता तो जंतूच्या भयानकपणावर. मला मात्र त्या बाटलीबद्दल बोलायचं आहे, कारण अशी बाटली कुठल्याही दवाखान्यात असू शकते.

हा जंतू मूळचा मातीतला, भातखाचरांतला, पावसाळ्यात वर येणारा. १९१२ च्या सुमारास रंगूनमध्ये व्हिटमोर आणि कृष्णस्वामी यांनी त्याचं पहिलं वर्णन केलं. त्याची चिवट वृत्ती थक्क करणारी आहे: प्रयोगशाळेत नुसत्या डिस्टिल्ड पाण्यात, कसलंही अन्न न देता, तो १६ वर्षं जिवंत राहिला. अशा जंतूला सलाइनची बाटली म्हणजे आयतं घर. सलाइन म्हणजे ०.९ टक्के मिठाचं पाणी. ते निर्जंतुक असतं, पण जंतुनाशक नसतं, आणि त्यात जंतूंची वाढ रोखणारं दुसरं काही घातलेलं नसतं. सील तुटलं की ती निर्जंतुकता त्या रुग्णापुरती, त्या वेळेपुरती. उरलेलं ओतून द्यायचं. बाटली अर्धी भरलेली असली तरी ओतायचं. इथेच हात अडखळतो, कारण फेकून देणं आपल्या अंगवळणी नाही.

दात काढताना किंवा हाड कापताना जी जखम होते, ती याच सलाइनने धुतात. जबड्यातून मेंदूच्या मुळाकडे जाणारी ट्रायजेमिनल नस तिथून जवळच. जंतू याच वाटेने वर गेला असावा, असा संशोधकांचा अंदाज आहे.

आता प्रश्न असा, की दवाखान्यात बाटली उघडतं कोण? आपल्याकडच्या बहुतेक छोट्या दवाखान्यांत हे काम असिस्टंटचं असतं. खुर्ची पुसणं, अवजारं धुणं, ती पाकिटांत भरणं, ऑटोक्लेव्ह लावणं, सक्शन धरणं आणि मधेच फोन उचलणंही. पेशंट त्यांना सिस्टर म्हणतात किंवा ताई. ब्रिटनमध्ये डेंटल नर्सला २००८ पासून नोंदणी सक्तीची आहे आणि संसर्ग रोखणं हा तिच्या शिक्षणाचा गाभा आहे. आपल्याकडे १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने दात साफ करणारे हायजिनिस्ट आणि कवळ्या बनवणारे मेकॅनिक यांची नोंदवही केली, पण खुर्चीशेजारी उभ्या असलेल्या असिस्टंटची नाही. ती बहुतेकदा आधीच्या असिस्टंटकडून बघून शिकते. चांगली सवय असो वा वाईट, दोन्ही अशाच पुढे जातात. म्हणून तिला ‘हे असं कर’ एवढंच सांगून भागत नाही, ‘का’ तेही सांगायला हवं. कारण माहीत असलेलं माणूस घाईतही पायरी गाळत नाही.

ऑटोक्लेव्हचंच बघा. उकळत्या पाण्यात अवजारं टाकली की झालं, अशी समजूत अजून आहे. उकळतं पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, आणि काही जीवाणूंचे बीजाणू, म्हणजे त्यांची कवचातली सुप्त रूपं, त्यात तासन् तास तग धरतात. ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा कुकरच: दाब वाढवला की वाफ १२१ किंवा १३४ अंशांवर जाते. पहिल्या तापमानाला किमान १५ मिनिटं, दुसऱ्याला किमान ३. पाकिटबंद अवजारांना आणि साध्या यंत्रांना याहून जास्त वेळ लागतो, तो यंत्राच्या पुस्तिकेत दिलेला असतो. वाफ थंड अवजारावर पाणी होऊन बसते आणि बसताना आपली उष्णता त्याला देऊन टाकते. म्हणूनच कोरड्या हवेच्या भट्टीत १६० अंशांना दोन तास लागतात तिथे वाफेला काही मिनिटं पुरतात.

पण कुकरमध्ये आधी हवा बाहेर पडून मगच शिटी लावायची असते, तसंच इथेही. आत हवा अडकली तर तिथे वाफ पोचत नाही, आणि आकडे बरोबर दाखवत असतानाही अवजार कच्चं राहतं. पाकिटं एकावर एक कोंबली की नेमकं हेच होतं. हँडपीससारख्या, म्हणजे दात कोरायच्या यंत्रासारख्या, पोकळ अवजारांच्या आत तर हवा हमखास अडकते. त्यांच्यासाठी आधी हवा ओढून काढणारं, व्हॅक्यूमचं यंत्र लागतं. पाकिटावरच्या टेपचा रंग बदलला म्हणजे निर्जंतुक झालं, हाही गैरसमज. टेप इतकंच सांगते, की पाकीट तापलं. खरी परीक्षा जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या जीवाणूच्या बीजाणूंची. उष्णतेला सहजी दाद न देणाऱ्या या बीजाणूंची पट्टी आठवड्यातून एकदा अवजारांसोबत आत ठेवायची. तेही मेले तर यंत्र खरं.

यंत्र कितीही चांगलं असलं तरी घाणेरडं अवजार त्यात जाऊन स्वच्छ होत नाही. वाळलेल्या रक्ताचं कवच वाफेला आत येऊ देत नाही, उलट उष्णतेने ते अजून घट्ट चिकटतं. म्हणून अवजारं वाळू द्यायची नाहीत, आधी धुवायची, आणि धुताना पातळ तपासणीचे ग्लोव्हज नव्हे, जाड रबरी हातमोजे घालायचे. घासायचं असेल तर पाण्याच्या पातळीखाली, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. अल्ट्रासॉनिक यंत्र असेल तर फारच उत्तम. त्यातले सूक्ष्म बुडबुडे फुटताना ब्रश पोचत नाही अशा खाचांतली घाण सोडवतात आणि हाताला टोचण्याची भीतीही कमी होते.

हँडपीसचं ड्रिल मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतं. ते थांबतं त्या क्षणी तोंडातली लाळ आणि रक्ताचे अंश आत ओढले जाऊ शकतात. स्पिरिटने वरून पुसलं की बाहेरचं जातं, आतलं तिथेच. म्हणून दर रुग्णाला धुतलेला, तेल दिलेला, ऑटोक्लेव्ह केलेला हँडपीस. दवाखान्यात दिवसाच्या रुग्णांना पुरतील इतके हँडपीस नसतील तर असिस्टंट काय करणार? खर्चाचा हा निर्णय डॉक्टरांचा आहे, त्याचा दोष तिच्यावर टाकता येत नाही.

पाण्याचीही एक वेगळी गोष्ट आहे. खुर्चीच्या आतल्या नळ्या काही मिलिमीटर रुंदीच्या. रात्रभर पाणी त्यात साचून राहतं आणि आतल्या भिंतीवर जंतूंचा चिकट थर, बायोफिल्म, बसतो. २०११ मध्ये इटलीत एका ८२ वर्षांच्या बाईंचा लीजनेअर न्यूमोनियाने मृत्यू झाला. त्या आधीच्या दिवसांत घराबाहेर पडल्या होत्या त्या फक्त दातांच्या डॉक्टरांकडे जाण्यासाठी, आणि त्यांच्या शरीरातला जंतू खुर्चीच्या पाण्यातल्या जंतूशी जुळला. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या निकषानुसार साध्या उपचारांच्या पाण्यात मिलिलिटरमागे ५०० पेक्षा जास्त जंतू नसावेत. सकाळी पाणी वाहू देणं आणि दर रुग्णानंतर २०-३० सेकंद सोडणं उपयोगाचं आहेच, पण त्याने बायोफिल्म सुटत नाही. त्यासाठी नळ्यांना ठरावीक काळाने औषध द्यावं लागतं. आणि शस्त्रक्रियेत, म्हणजे हाड उघडं पडतं तिथे, खुर्चीचं पाणी वापरायचंच नसतं. सलाइन येते ती याच कारणाने. पाण्यातल्या जंतूंपासून वाचवायला आणलेली बाटली वाणियंबाडीत स्वतःच जंतूंची वाहक झाली, हे मला सगळ्यांत जास्त बोचतं.

कचऱ्याचं थोडक्यात सांगते. २०१६ च्या नियमांनुसार सुया आणि ब्लेड पांढऱ्या, टोचून न फुटणाऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, प्लास्टिक लाल, काच निळ्या डब्यात. काढलेल्या दातात चांदीचं सिमेंट असेल तर तो जाळायला द्यायचा नाही, कारण त्या सिमेंटमधल्या पाऱ्याची वाफ होते.

असिस्टंटला सर्वांत मोठा धोका असतो तो सुईचा. दूषित सुई टोचली तर हेपॅटायटिस बी होण्याची शक्यता, लस नसेल तर, ३० टक्क्यांपर्यंत जाते. सी ची सुमारे २ टक्के, एचआयव्हीची ०.३ टक्के. बी चा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर सात दिवस जिवंत राहू शकतो. म्हणजे कालच्या रुग्णानंतर पुसायचा राहिलेला लाइटचा दांडाही निष्पाप नसतो. यावर लस आहे: पहिला डोस, महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. त्यानंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातली प्रतिपिंडं मोजायची. अहवालात मिलिलिटरमागे १० मिली-आययू (mIU/mL) किंवा त्याहून जास्त आली तर संरक्षण मिळालं. ही तपासणी बहुतेक ठिकाणी राहूनच जाते. लस घेतली, विसरलो, असं होतं. कामावर घेतानाच डॉक्टरांनी दोन्हींचा खर्च उचलायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

वापरलेल्या सुईला टोपण दोन हातांनी लावू नका. लावावंच लागलं तर टोपण ट्रेमध्ये आडवं ठेवून एकाच हाताने सुई त्यात सरकवा. तरीही टोचलीच, तर जागा पिळू नका, साबण-पाण्याने धुवा आणि लगेच डॉक्टरांना सांगा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं दोन तासांत सुरू झाली तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. ती सरकारी रुग्णालयांत मिळतात. हेपॅटायटिस बी ची लस झालेली नसेल तर इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं, इंजेक्शन २४ तासांत मिळावं. ‘डॉक्टर रागावतील’ या भीतीने संध्याकाळपर्यंत गप्प राहण्यात यातले मोलाचे तास जातात. त्यामुळे जवळच्या सरकारी रुग्णालयाचा पत्ता आणि फोन नंबर ऑटोक्लेव्हच्या शेजारी भिंतीवर आजच चिकटवून ठेवा.