केसाळ राखणदार कुत्र्यांची उन्हाळी निगा (ठाणे–नवी मुंबई)

थंड, डोंगराळ मुलखात कळप आणि घरे राखण्यासाठी घडलेल्या, अंगावर केसांचा दुहेरी थर असलेल्या मोठ्या कुत्र्यांना उष्ण-दमट हवेत सांभाळण्याची रीत. ठाणे आणि नवी मुंबईत या निगेचा खरा शत्रू ऊन नव्हे, दमटपणा आहे. नागपुरात किंवा जयपुरात हमखास लागू पडणारे कितीतरी उपाय खाडीकाठी फुकट जातात, ते यामुळेच.

या गटात तिबेटी मॅस्टिफ, कॉकेशियन शेफर्ड, अलाबाई या नावाने ओळखला जाणारा मध्य आशियाई शेफर्ड, सेंट बर्नार्ड आणि ग्रेट पिरेनीज या परदेशी जाती येतात. आपल्याकडचे म्हणजे हिमाचलचा गद्दी आणि जम्मू-काश्मीरचा बकरवाल. वजन बहुधा ४० ते ८० किलो. आकाराने लहान असला तरी जर्मन शेफर्डचे केसही दुहेरीच असतात, त्यामुळे खालचे बहुतेक सगळे त्यालाही लागू आहे. सेंट बर्नार्डचे मूळ ठिकाण स्वित्झर्लंड आणि इटली यांच्यामधली आल्प्समधील खिंड, समुद्रसपाटीपासून सुमारे २,४७० मीटरवर. तिथला कुत्रा भरतीचे पाणी उशाला असलेल्या गावात आणला की त्याच्या अंगावरचे जे वैभव, तेच ओझे होते. दिवाळीनंतर घाटावरून कोकणात मेंढरे उतरवणाऱ्या धनगरांची कुत्री पाहावीत : अंगाने सडपातळ, केस बहुधा आखूड. या हवेने निवडलेला राखणदार तसा असतो. हौसेने निवडलेला वेगळा.

ठाण्यात ही कुत्री आधी दिसत ती येऊरच्या बंगल्यांवर, वागळे इस्टेटीतल्या आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांच्या नि गोदामांच्या फाटकाशी. आता घोडबंदर रस्त्यावरच्या आणि खारघरच्या टॉवरमधल्या फ्लॅटमध्येही दिसतात. पैदाशीच्या धंद्यासाठी कुत्री आयात करण्यावर केंद्राने एप्रिल २०१६ मध्ये बंदी घातली, पण तोवर आलेल्यांची इथली पिलावळ चालू राहिली. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने २३ जाती पाळण्यावर बंदी घालण्यास राज्यांना कळवले होते. त्यांत कॉकेशियन आणि मध्य आशियाई शेफर्ड, तुर्कस्तानचा कंगाल यांचाही समावेश होता. ते परिपत्रक पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने रद्द ठरवले.

कुत्र्याच्या अंगातली उष्णता

कुत्र्याचे नेहमीचे तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते, म्हणजे आपल्या भाषेत तो कायमच 'अंग गरम' असलेला प्राणी. घामाच्या ग्रंथी असतात त्या मुख्यतः पंज्यांच्या गाद्यांत, आणि त्यांचा उपयोग नाममात्र. सगळी भिस्त धापांवर. विश्रांतीत मिनिटाला दहा ते तीस असणारा श्वास धापा टाकताना तीनशेच्या पुढे जातो. जीभ, तोंड आणि नाकातली ओल हवेत उडते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. हवेत आधीच बाष्प भरलेले असेल तर ही ओल उडतच नाही. मग कुत्रा आणखी जोरात धापा टाकतो, त्या कष्टाने स्नायू तापतात आणि उष्णता घालवण्याचे साधनच उष्णता वाढवू लागते.

ठाण्याचा उन्हाळा एकजिनसी नसतो, हे इथे महत्त्वाचे. मार्च-एप्रिलमध्ये काही दिवस पूर्वेकडून जमिनीवरचे कोरडे वारे जोर करतात, खारे वारे दुपारपर्यंत अडून राहतात आणि पारा चाळिशीला भिडतो. मे महिन्यात पारा ३३ ते ३५ वरच असतो, पण हवा चिकट, आणि रात्रही निवत नाही. वर्तमानपत्रात मथळे होतात ते पहिल्या प्रकारच्या दिवसांचे. केसाळ कुत्र्याला दोन्ही धोक्याचे, पण मेची दमट रात्र जास्त दगा देते, कारण तिच्याकडे कुणाचे लक्ष नसते. डोंगरातल्या त्याच्या पूर्वजांना दिवसा तापलेले अंग निववायला गार रात्र मिळे. इथे ती सवलत नाही. पश्चिमेला खाडी, पूर्वेला पारसिकचा डोंगर आणि मध्ये दाटीने उभ्या इमारती : वारा पडला की नवी मुंबईच्या कित्येक आवारांत झाडाचे पान हलत नाही.

केस

वरचे राठ केस पाऊस आणि काटेकुटे अडवतात. आतली दाट, मऊ लव ऊब धरते. उन्हाळा लागताच 'एकदाचा चकोट करून टाका' म्हणून कुत्र्याला ग्रूमरकडे नेणारे बरेच असतात. हा सल्ला चुकीचा आहे. मुळापासून भादरलेल्या अंगाला थेट ऊन लागते, त्वचा भाजते आणि पुष्कळदा केस परत येताना ठिगळांसारखे, नुसत्या लवेचेच येतात. तेव्हा पुढचा उन्हाळा आधीपेक्षा वाईट. दुसऱ्या बाजूने 'केसच त्याला गार ठेवतात' हे ठामपणे सांगणारेही आहेत; तेही अर्धेच खरे. ऊन अडवायला केस उपयोगी, पण सावलीत, दमट हवेत, झडलेली पण अंगावरच अडकून राहिलेली लव म्हणजे मे महिन्यात पांघरलेली घोंगडी.

तेव्हा काम कात्रीचे नसून कंगव्याचे. लांब दातांचा कंगवा केसांच्या मुळापर्यंत घालून मागे ओढला की मूठमूठ करडी लव निघते. मांड्यांचा मागचा भाग, शेपटीचे बूड आणि कानांमागचा खळगा इथे ती नमद्यासारखी घट्ट बसलेली असते. तिथे ओढाताण केली तर कुत्रा उठून जातो, म्हणून बोटांनी गुंता सोडवत थोडे-थोडे. एका बैठकीत पिशवी भरते. उरलेली उडून शेजारच्या बाल्कनीत वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते आणि विषय सोसायटीच्या मीटिंगमध्ये जातो. काम झाले की नाही हे ओळखण्याची साधी खूण : केस दोन्ही हातांनी दुभागले की त्वचा दिसली पाहिजे, आणि पंख्यासमोर केस मुळापासून हलले पाहिजेत. पोटाखालचे आणि जांघेतले केस मात्र खुशाल बारीक करावेत. तिथली त्वचा थेट फरशीला टेकते.

फरशी, हवा, पाणी

कुत्र्याला गार जागा दाखवावी लागत नाही. टॉवरमधला अलाबाई फिरून आला की घरात न शिरता लिफ्टसमोरच्या फरशीवर बेडकासारखा मागचे पाय पसरून पोट टेकतो, दहा मिनिटांनी तापलेली जागा सोडून हातभर पुढे सरकतो. महापे-रबाळेकडच्या गोदामातला कुत्रा दुपारी पत्र्याच्या शेडखाली कधीच थांबत नाही, उभ्या ट्रकखाली जाऊन झोपतो, कारण तिथे सावली असते आणि दोन्ही बाजूंनी वाराही. जाणता क्लीनर आधी खाली वाकून त्याला उठवतो, मगच गाडी सुरू होते. राखणदारासाठी पत्र्याची खोली बांधणाऱ्या मालकाने एकदा दुपारी दोन वाजता स्वतः तिच्यात बसून पाहावे. पत्र्यावर झावळ्या किंवा पेंढा, खाली शहाबादी फरशी आणि समोरासमोर दोन बाजू उघड्या, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

येऊरला यात एक पेच आहे. रात्री कुत्रा उघड्यावर ठेवावा तर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातला बिबट्या कुंपणाशी असतो आणि कुत्रा हे त्याचे नेहमीचे खाद्य. खोलीत कोंडावा तर गुदमरतो. मजबूत जाळीचे, वरूनही बंद केलेले आवार हा त्यावरचा तोडगा. वाराही येतो आणि कुत्राही सकाळी जागेवर असतो.

पंख्याबद्दल गैरसमज फार. वाऱ्याचा झोत माणसाला सुखावतो तो घाम वाळवतो म्हणून. कोरड्या कुत्र्याला वाळवायला घामच नसतो. पोट, जांघा आणि पंजे ओले करून पंखा लावला तर तो खरे काम करतो. पाठीवर वरवर पाणी शिंपडणे निरुपयोगी : ते राठ केसांवरच थांबते आणि आत वाफारा धरतो. ओले बारदान अंगावर टाकून ठेवण्याची पद्धत त्याहून वाईट. बारदान जमिनीवर अंथरावे, कुत्र्यावर पांघरू नये. डेझर्ट कूलर आणि वाळ्याचे पडदे मार्चच्या कोरड्या दिवसांत उत्तम. मे महिन्यात बंद खोलीत तोच कूलर लावला तर खोलीत फक्त ओल वाढते. पाण्यात भिजवून घालायची 'कूलिंग जॅकेट' याच कारणाने इथे फसतात. एसी असेल तर २५-२६ अंशांवर पुरे. दिवसभर एसीत ठेवलेल्या कुत्र्याला एकदम दुपारी खाली नेऊ नये. उन्हाची सवय अंगात भिनायला आठवडे लागतात आणि ती मोडायला वेळ लागत नाही.

पाण्याचा हिशोब साधारण किलोमागे रोज ५० ते ६० मिलिलिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. म्हणजे ६० किलोच्या कुत्र्याला किमान तीन-साडेतीन लिटर. लाळेने पाणी लगेच बुळबुळीत होते, ते दिवसातून दोनदा तरी बदलावे. स्टीलच्या भांड्यापेक्षा जड मातीचे पसरट भांडे बरे, पाणी गार राहते आणि पंज्याने उलटत नाही. खाणे सूर्य वर येण्याआधी आणि रात्री उशिरा. या दिवसांत भूक कमी होणे नैसर्गिक आहे. अंडे 'उष्ण' आणि दहीभात 'थंड' हा आपला घरगुती हिशोब कुत्र्याला लावण्यात अर्थ नाही. दहीभात पचला तर द्यावा, एवढेच. बिया काढलेले कलिंगड चालते. आंब्याची कोय मात्र हाती लागू देऊ नये, ती आतड्यात अडकते आणि शस्त्रक्रियेवाचून निघत नाही.

फिरवण्याची वेळ पहाटे साडेपाचच्या सुमारास किंवा रात्री नऊनंतर. डांबर आणि पेव्हर ब्लॉक सूर्य मावळल्यावरही बराच वेळ तापलेले राहतात. तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून धरता आली नाही, तर पंजे भाजणार. ही कुत्री मुळात रात्री जागणारी आणि दिवसा सावलीत पडून राहणारी. दुपारी तो 'आळशीपणा' करतो अशी तक्रार करणाऱ्याने त्याचे कामाचे तास समजून घेतलेले नाहीत. सोसायटीत मुसके बांधण्याचा आग्रह होतो तेव्हा जाळीचे, आत तोंड उघडता येईल असे मुसके घ्यावे. जबडा आवळून धरणारे कापडी मुसके धापा बंद करते, म्हणजे उष्णता निघून जाण्याचा मुख्य दरवाजाच बंद. बंद मोटारीत पाच मिनिटेही ठेवू नये : बाहेर ३२ अंश असताना आतले तापमान दहा मिनिटांत ४३ पर्यंत चढते.

ऊन लागले तर

न थांबणाऱ्या धापा, दोरीसारखी घट्ट लाळ, लालभडक हिरड्या, मग झोकांड्या, उलटी, रक्ताळ जुलाब, झटके हा साधारण क्रम. गुदद्वारातून मोजलेले तापमान ४१ अंशांवर गेले की जिवाशी गाठ असते. आधी थंड करावे, मगच दवाखान्याकडे निघावे. घोडबंदर रस्त्यावरची संध्याकाळची वाहतूक कोंडी ज्याने पाहिली आहे त्याला याचे कारण सांगायला नको. इथे पाणी शिंपडून भागत नाही, केस बोटांनी फाकवून त्वचेपर्यंत भिजवावे लागते आणि पंखा पूर्ण वेगाने लावावा लागतो. एक स्थानिक अडचण : गच्चीवरच्या प्लॅस्टिकच्या टाकीतले पाणी दुपारी चांगलेच तापलेले असते. पाइप अंगावर धरण्याआधी पाणी वाहू द्यावे किंवा उन्हाळाभर सावलीत दोन बादल्या भरून ठेवाव्यात. अंगाचे तापमान ३९.५ पर्यंत उतरले की भिजवणे थांबवावे, नाहीतर अंग गरजेपेक्षा गार पडते. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये. कुत्रा उठून शेपूट हलवू लागला तरी डॉक्टरांना दाखवावेच. मूत्रपिंडाला आणि रक्त गोठण्याच्या क्रियेला झालेली इजा एक-दोन दिवसांनी वर येते.

बांधून ठेवण्याबद्दल कायदा स्पष्ट आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाच्या कलम ११ नुसार आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधणे आणि पुरेसे अन्न, पाणी, निवारा न देणे हे गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये. तेवढ्यात आज ठाण्यात शहाळेही मिळत नाही.

पावसाळा आणि ऑक्टोबर

जूनमध्ये पारा उतरतो, पण केस वाळत नाहीत. ओल्या लवेखाली एका रात्रीत चिघळलेले चट्टे उठतात आणि गोचिडी वाढतात. ब्लोअरने मुळापर्यंत वाळवणे आणि बोटांच्या बेचक्या रोज तपासणे याला पर्याय नाही. साचलेल्या पाण्यातून जाणाऱ्या कुत्र्याला लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या आजाराची) लस आधीच दिलेली असावी. मग येतो ऑक्टोबर : पाऊस थांबलेला, जमीन ओली, वर कडक ऊन. थंडीच्या तयारीची नवी लव याच सुमारास उगवू लागते. ज्यांनी जूनमध्ये कंगवा माळ्यावर टाकला, त्यांना तो आता पुन्हा शोधावा लागतो.