आधीच्या पगारावरची वाढ आणि नव्या पदाचे वेतन

नोकरी बदलताना होणाऱ्या बोलण्यांत दोन निराळ्या गोष्टी एकाच प्रश्नात गुंडाळल्या जातात. एचआरकडून फोनवर विचारणा होते, "सध्या किती मिळतात आणि अपेक्षा किती?", आणि उमेदवार पहिल्या आकड्यावर मनातल्या मनात तीस टक्के चढवून दुसरा आकडा सांगून मोकळा होतो. पहिला आकडा जुन्या मालकाने, त्या वेळच्या परिस्थितीत, जुन्या कामासाठी ठरवलेला असतो. दुसरा खरे तर नव्या कामावरून ठरायला हवा. आधीच्या पगारावरची वाढ आणि नव्या पदाचे वेतन या दोन्हींतून शेवटी खात्यावर एकच रक्कम जमा होत असल्यामुळे त्या एकच वाटतात, पण बोलणी यांपैकी कशापासून सुरू झाली यावर ती रक्कम पुष्कळ अवलंबून असते.

एखाद्या पदासाठी महिना ६५,००० ते ८५,००० अशी वेतनश्रेणी ठरली आहे असे समजू. सध्या ४०,००० मिळवणाऱ्या उमेदवाराने ३० टक्के वाढ मागितली, तर तो ५२,००० वर येतो, म्हणजे श्रेणीच्या तळापेक्षाही १३,००० खाली. तरीही घसघशीत वाढ मिळाली असेच तो घरी सांगणार, आणि टक्क्यांच्या हिशेबाने ते खोटेही नाही. ६०,००० मिळवणारी दुसरी उमेदवार तेवढेच टक्के मागून ७८,००० वर पोहोचते. काम एकच, जबाबदारी एकच आणि फरक २६,००० चा. पुढे दोघांनाही दरवर्षी ८ टक्के वाढ मिळत राहिली, तर पाच वर्षांनी हा फरक ३८,००० च्या वर जातो. कोणी पहिल्याच नोकरीत नाइलाजाने कमी पगारावर रुजू झालेले असते, कोणी मूल लहान असताना काही वर्षे घरी थांबलेले असते. कारण केव्हाच सरलेले असले, तरी टक्केवारीचा हिशेब त्याची झळ पुढच्या प्रत्येक नोकरीत पोहोचवत राहतो.

म्हणूनच काही ठिकाणी कायद्याला यात हात घालावा लागला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१६ मध्ये केलेला समान वेतनाचा कायदा १ जुलै २०१८ पासून लागू झाला आणि वेतनासह ऑफर देण्यापूर्वी उमेदवाराला पूर्वीचा पगार विचारण्यावर बंदी आली. युरोपीय संघाच्या २०२३ च्या वेतन-पारदर्शकता निर्देशानुसार पूर्वीचे वेतन विचारता येत नाही. शिवाय पदाचे सुरुवातीचे वेतन किंवा त्याची श्रेणी उमेदवाराला आधीच कळवावी लागते. सदस्य देशांनी हा निर्देश आपापल्या कायद्यात आणण्यासाठी जून २०२६ ची मुदत ठेवण्यात आली.

आधी उच्चारलेला आकडा एवढा का चिकटतो, याचे उत्तर एमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये मांडलेल्या एका प्रयोगात मिळते. लोकांसमोर आकड्यांचे एक चक्र फिरवले गेले आणि नंतर संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के आहेत, याचा अंदाज विचारला गेला. ज्यांच्यासमोर चक्र १० वर थांबले त्यांच्या अंदाजांचा मध्यक (अंदाज क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) २५ निघाला, ज्यांच्यासमोर ६५ वर थांबले त्यांचा ४५. चक्राचा आणि त्या देशांचा काडीचाही संबंध नव्हता. जुना पगार तर अगदीच असंबद्ध नसतो, त्यामुळे त्याची ओढ त्याहून अधिक असणार, असे मला वाटते.

यावर उपाय म्हणून जुना पगार फुगवून सांगणे हा मात्र आत्मघात आहे, कारण पगारपत्रक मागितले गेले की ऑफर हातची जाऊ शकते. त्यापेक्षा "या पदासाठी कोणती वेतनश्रेणी ठरली आहे, ते कळले तर माझी अपेक्षा नेमकी सांगता येईल," असे आधीच विचारावे. तरीही जुना आकडा सांगणे भागच पडले, तर तो खरा सांगावा, पण अपेक्षेच्या वाक्यात तो गुंफू नये: "सध्या मला ४०,००० मिळतात. या पदाची जबाबदारी आणि माझा अनुभव पाहता माझी अपेक्षा ७५,००० ची आहे." मधल्या पूर्णविरामाला इथे फार महत्त्व आहे; त्याच्या जागी "त्यामुळे" आले की बोलणी पुन्हा टक्क्यांवर घसरतात.

टक्केवारी निरुपयोगी आहे असे नाही. तिची जागा उमेदवाराच्या स्वतःच्या वहीत आहे. नोकरी सोडल्याने बुडणारा वार्षिक बोनस, वाढणारा प्रवास, नव्या ठिकाणचे घरभाडे हे सर्व वजा जाता बदल परवडतो का, हे तिच्यावरून कळते, फक्त स्थिर वेतनाची तुलना स्थिर वेतनाशीच केली पाहिजे. रुजू होताना एकदाच मिळणारा बोनस तिच्यात धरला, तर पहिल्या वर्षी फुगलेला आकडा दुसऱ्या वर्षी खाली येतो.

ज्याला आधीच श्रेणीपेक्षा जास्त मिळते, त्याच्याबाबतीत गणित उलटे होते. ९०,००० वर ३० टक्के म्हणजे १,१७,०००, आणि ८५,००० ला संपणाऱ्या श्रेणीत घासाघीस करून तो आकडा निघणार नाही. अशा उमेदवाराने पगाराऐवजी पदच वरचे मागावे, किंवा कमी वेतन पत्करण्याइतके त्या कामात दुसरे काय आहे, याचा विचार पहिल्या फोनआधीच करून ठेवावा.