ट्रेंटचा ठराव आणि बरोक कलेची पार्श्वभूमी

सतराव्या शतकातील रोमच्या चर्चमध्ये जी चित्रे आणि शिल्पे दिसतात, त्यांतील भावनावेग, अंधार भेदून येणारा प्रकाश आणि पाहणाऱ्याला प्रसंगात ओढून घेणारी मांडणी यांचे मूळ केवळ कलावंतांच्या बदलत्या अभिरुचीत शोधता येत नाही. संतांच्या प्रतिमा उपासनेत असाव्यात की नसाव्यात, या प्रश्नावरून युरोप कित्येक दशके भांडत होता आणि ही कला, म्हणजे बरोक कला, समजून घ्यायची तर त्या भांडणापासूनच सुरुवात करावी लागते.

१५१७ मध्ये जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने विटेनबर्गमध्ये आपले प्रबंध मांडले, तेव्हा त्याचा रोख पापक्षमापत्रांच्या विक्रीवर होता. चित्रांशी त्याचे फारसे वैर नव्हते. १५२२ मध्ये त्याचा सहकारी कार्लश्टाट याने प्रतिमा हटवण्याची मागणी केली आणि शहरात गोंधळ उडाला, तेव्हा ल्यूथरने परत येऊन प्रवचनांतून लोकांना आवरले. स्विस धर्मसुधारक झ्विंग्लीच्या झुरिकमध्ये मात्र १५२४ मध्ये चर्चमधील चित्रे आणि मूर्ती काढून टाकण्यात आल्या. फ्रेंच धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या अनुयायांनी हीच कठोर भूमिका पुढे नेली आणि १५६० नंतर फ्रान्समध्ये मूर्तिभंजनाचे प्रकार वाढत गेले.

या फ्रेंच घडामोडींमुळेच कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेला प्रतिमांविषयी बोलणे भाग पडले. १५४५ मध्ये सुरू झालेल्या आणि मध्ये अनेकदा खंडित झालेल्या या परिषदेने डिसेंबर १५६३ मध्ये, अगदी अखेरच्या अधिवेशनात, पोप चौथा पायस आजारी असल्याने कामकाज आटोपण्याची घाई चाललेली असताना, प्रतिमांविषयीचा ठराव संमत केला. प्रतिमेत स्वतःचे असे कोणतेही दैवी सामर्थ्य नसते, तिला दिलेला मान ती ज्याची आहे त्याच्यापर्यंत पोहोचतो, असे त्यात म्हटले होते. चित्रांतून लोकांना धर्मशिक्षण मिळावे, त्यांत कामुकता नसावी आणि बिशपच्या संमतीशिवाय कोणतीही अपरिचित प्रतिमा चर्चमध्ये लावू नये, एवढ्याच सूचना त्यात होत्या. शैली, रंग, रचना यांविषयी ठराव काहीही सांगत नाही. माझ्या मते त्याचा खरा प्रभाव या मोघमपणातच आहे, कारण योग्य काय हे ठरवण्याचे काम बिशप, आश्रयदाते आणि चित्रकार यांच्यावर येऊन पडले आणि प्रत्येकाने ते आपापल्या परीने केले.

पहिला फटका मायकेलअँजेलोला बसला. सिस्टाइन चॅपेलमधील त्याच्या ‘अंतिम न्याय’ या भित्तिचित्रातील नग्न आकृतींवर वस्त्रे रंगवण्याचे काम, त्याच्या मृत्यूनंतर, १५६५ मध्ये दानिएले दा व्होल्तेरा याच्याकडे सोपवण्यात आले. १५७३ मध्ये व्हेनिसच्या धर्मन्यायालयाने चित्रकार पाओलो व्हेरोनेसे याला बोलावून, येशूच्या अखेरच्या भोजनाच्या चित्रात विदूषक, पोपट आणि जर्मन शिपाई कशासाठी, असा जाब विचारला. कवींना आणि वेड्यांना जी मुभा असते तीच चित्रकारांना असते, असे त्याने सांगितले. तीन महिन्यांत स्वखर्चाने चित्र दुरुस्त करण्याचा आदेश झाला. त्याने चित्रातील भोजन अखेरचे नसून बायबलमधल्याच लेवीच्या घरचे ठरवले आणि विदूषक जागच्या जागी राहिला.

निर्बंधांच्या या बाजूवर अनेकदा अधिक भर दिला जातो, पण तेवढ्यावर थांबणे अन्यायाचे होईल. बोलोन्याचा कार्डिनल गाब्रिएले पालेओत्ती याने १५८२ मध्ये धार्मिक चित्रांविषयी ग्रंथ प्रसिद्ध केला. चित्र विद्वानांप्रमाणेच निरक्षरांनाही कळावे आणि त्यांचे मन हलवावे, अशी त्याची अपेक्षा होती. त्याच सुमारास त्याच शहरात काराच्ची बंधूंनी आपली अकादमी सुरू करून, उत्तर-प्रबोधनकालीन चित्रांतील कृत्रिम लांबट आकृती बाजूला सारत, प्रत्यक्ष माणसे पाहून चित्रे काढण्यावर भर दिला.

चित्रकार काराव्हाज्जोने हा आग्रह सर्वांत पुढे नेला. रोमच्या सान लुईजी देई फ्रांचेसी चर्चमधील सेंट मॅथ्यूच्या जीवनावरील त्याची चित्रे (१५९९-१६००) पाहताना पवित्र प्रसंग शेजारच्या खोलीत घडतो आहे असे वाटते. ही जवळीक चर्चला हवीच होती, तरी तिची धास्तीही होती: त्याचे ‘मरियेचा मृत्यू’ हे चित्र, ज्यात ती सुजलेल्या देहाची सामान्य स्त्री दिसते, कार्मेलाइट साधूंनी नाकारले. पुढे १६०७ मध्ये फ्लेमिश चित्रकार रूबेन्सच्या शिफारशीवरून मांतुआच्या ड्यूकने ते विकत घेतले.

उत्तरेत, म्हणजे नेदरलँड्समध्ये, १५६६ च्या मूर्तिभंजनानंतर आणि पुढे डच प्रजासत्ताकात कॅल्व्हिनपंथ प्रबळ झाल्यावर, चर्चकडून मिळणारे काम आटले आणि चित्रकार निसर्गदृश्ये, व्यक्तिचित्रे आणि वस्तुचित्रे खुल्या बाजारासाठी काढू लागले. रोममध्ये मात्र आत्मविश्वास परतला होता. १२ मार्च १६२२ रोजी जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला, त्याचा सहकारी फ्रान्सिस झेवियर आणि स्पॅनिश साध्वी आव्हिलाची तेरेसा यांना, आणखी दोघांसह, एकाच समारंभात संतपद देण्यात आले. तेरेसेच्या समाधि-अवस्थेला शिल्पकार बर्निनीने १६४७ ते १६५२ या काळात संगमरवरात रूप दिले.

झेवियरच्या निमित्ताने ही कला आपल्याजवळही पोहोचली. टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने फ्लोरेन्सच्या फोज्जिनी या शिल्पकाराकडून रंगीत दगड आणि ब्राँझशिल्पांनी घडवून घेतलेले झेवियरचे समाधिपीठ १६९८ मध्ये जुन्या गोव्यातील बॉम जीझस चर्चमध्ये उभारले गेले आणि गोव्यातील कारागिरांनी त्याच्या सहा दशके आधीच घडवलेली, झेवियरचे अवशेष असलेली चांदीची पेटी त्यावर ठेवण्यात आली.