सकाळी जनरेटर, मग ऊन

पुणे जिल्ह्यातल्या राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यात डोंगराच्या कुशीत आमचं छोटं शेतघर आहे. विजेचा खांब तिथून दीड किलोमीटर अलीकडेच थांबलाय. म्हणून पत्र्यावर ३३५ वॅटची दोन पॅनेलं आणि खाली १५० अँपिअर-तासाच्या दोन ट्यूब्युलर (शिसं-आम्ल प्रकारच्या) बॅटऱ्या, २४ व्होल्टवर जोडलेल्या. हिशेबाने साठा ३.६ युनिटचा, बॅटरी टिकवायची तर त्यातला निम्माच वापरायचा. उन्हाळा-हिवाळा मजेत जातो. जुलैत मात्र ढग असे ठाण मांडतात की अडीच केव्हीएचा पेट्रोल जनरेटर बाहेर काढावाच लागतो.

मागच्या पावसाळ्यात शेतघर बघणाऱ्या तात्यांनी पहाटे साडेपाचला जनरेटर लावला. नऊला बंद केला. त्या दिवशी नेमकं छान ऊन पडलं, आणि दहाच्या सुमारास त्यांचा फोन: "दादा, हिरवा दिवा लागला. फुल्ल झाल्या बॅटऱ्या." रात्री नऊला इन्व्हर्टर कोकलायला लागला. दुसऱ्या दिवशी हायड्रोमीटर (बॅटरीतल्या आम्लाची घनता मोजणारी नळी) बुडवून पाहिलं तर ग्रॅव्हिटी ११८०. भरलेल्या बॅटरीत ती १२४० हवी. म्हणजे दिवसभर ऊन पॅनेलवर पडून वाया गेलं होतं.

जनरेटर आणि सोलर एकाच वेळी लावले की ते "एकमेकांशी भांडतात" असं पुष्कळ जण सांगतात. तसं काही नसतं. गच्चीवरच्या टाकीत नळाचं पाणी आणि टँकरचं पाणी एकदम सोडलं तर भांडतं का? दोन्हींचे प्रवाह मिळून टाकी लवकर भरते, एवढंच. बॅटरीतही दोन चार्जरचे अँपिअर एकात मिळतात. व्होल्टेजची बेरीज होत नाही, तो दोघांना सारखाच दिसतो.

घोटाळा होतो तो इथे. टाकी भरली हे नळाला बॉलकॉक सांगतो, चार्जरला व्होल्टेज सांगतो. पण टाकीत पाणी खळाळत पडत असलं की बॉल पातळी नसतानाही उचलला जातो. बॅटरीत करंट शिरताना तसंच होतं: आतल्या रोधामुळे आणि प्लेटजवळच्या आम्लामुळे व्होल्टेज फुगतो. निम्मी रिकामी, २४.४ व्होल्टवर विसावलेली बॅटरी चार्जर लावताच थोड्या वेळात २६-२७ दाखवते.

आमचा सोलर कंट्रोलर, म्हणजे पॅनेलची वीज बेताने बॅटरीत सोडणारा डबा, सकाळी पहिला उजेड आला की बॅटरीचा व्होल्टेज मोजतो आणि त्यावरून चार्जिंगचा शेवटचा टप्पा किती वेळ चालवायचा ते ठरवतो. त्याने मोजलं तेव्हा जनरेटर चालू होता. फुगलेला आकडा पाहून त्याला वाटलं, बॅटरी जवळजवळ भरलीच आहे, पंधरा मिनिटं पुरेत. तात्यांचं काही चुकलं नव्हतं. सेटिंग न वाचता ठेवलं होतं मी.

शिसं-आम्ल बॅटरीत हा शेवटचा टप्पाच खरा वेळखाऊ. पहिल्या टप्प्यात ती देऊ तेवढा करंट पिते. ऐंशी टक्क्यांच्या पुढे प्लेटवरचं शिशाचं सल्फेट सावकाश सुटतं, आम्ल प्लेटच्या छिद्रांतून सावकाश फिरतं. घाई करून जास्त करंट रेटला तर चार्ज वाढत नाही, पाणी फुटून हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघतात. (बॅटरीच्या खोलीला झरोका हवा तो यासाठी, हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला तरी ठिणगी पुरते.) हे शेवटचे वीस टक्के भरायला तीन-चार तास लागतात, चार्जर कितीही दांडगा असो.

आता जनरेटरचा विचार करा. आमचा चार्जर २० अँपिअर देतो, म्हणजे जनरेटरवर जेमतेम सहाशे वॅटचा भार. शेवटच्या टप्प्यात तो शंभरावर येतो. पण भार सहावा हिस्सा झाला म्हणून पेट्रोल सहावा हिस्सा लागत नाही. इंजिन नुसतं फिरतं ठेवायलाच बरंच जळतं. डिझेल इंजिनाचं तर कमी भारावर तास न् तास चालून आरोग्यच बिघडतं, अर्धवट जळलेलं डिझेल आणि काजळी सायलेन्सरमध्ये साचत जाते. म्हणून पोट भरायचं काम जनरेटरचं आणि वरचा ताक-भात उन्हाचा. ऊन फुकट आहे, त्याला घाई नाही.

हे आपोआप घडवून आणायची एक साधी युक्ती आहे. दोन बॉलकॉक वेगळ्या उंचीवर बसवायचे, टँकरचा खाली, नळाचा वर. मी सोलर कंट्रोलर २८.८ व्होल्टला लावला आणि जनरेटरचा चार्जर २८.२ ला. भरत आलं की जनरेटरचा करंट आधी उतरतो. तो उतरला की तात्या इंजिन बंद करतात. उलट लावलं असतं तर विकतची वीज बॅटरीत आणि फुकटची पॅनेलवर बसून, असा प्रकार झाला असता. शेवटच्या टप्प्याची वेळही मी आता तीन तास अशी पक्की करून टाकली आहे.

एक पथ्य मात्र पाळावं लागतं. आमच्या बॅटरीला क्षमतेच्या दहा ते पंधरा टक्के, म्हणजे १५ ते २२ अँपिअरच झेपतात. लख्ख उन्हात सोलरचे २० आणि जनरेटरचे २० मिळून ४० झाले तर ती तापते. त्यामुळे दोन्ही एकत्र चालवायचे ते ढगाळ सकाळी, सोलर पाच-सहा अँपिअरवर रखडत असताना, आणि तेव्हाही जनरेटरचा चार्जर १५ वर उतरवून. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला हे बंधन फारसं जाचत नाही. ती निम्म्या क्षमतेएवढा करंटही सहज घेते आणि पूर्ण भरली नाही म्हणून कुरकुरत नाही.

जनरेटर चालू असतानाच तात्या विहिरीवरचा पंप लावतात, मिक्सरवर वाटण करून घेतात. तेवढाच इंजिनाला नीट भार मिळतो. दिवाळीनंतर जनरेटरवर ताडपत्री पडते आणि टाकीत उरलेलं पेट्रोल, कार्ब्युरेटरमध्ये चिकट होऊन बसू नये म्हणून, तात्यांच्या मोटरसायकलमध्ये जातं. दर वर्षी ते थोडं जास्तच उरतं, अशी मला शंका आहे.