एका हेक्टरवर किती झाडे राखायची?

वनसंवर्धनशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात माती, बियाणे, कीड आणि संख्याशास्त्र असे बरेच काही शिकवले जात असले, तरी त्याचा गाभा एकाच प्रश्नात आहे: एका हेक्टरवर किती झाडे राखायची आणि कोणती काढायची?

एकाच वयाच्या झाडोऱ्यात सुरुवातीला हेक्टरी हजारो रोपे असतात. ती वाढू लागली, की उजेड आणि पाणी यांसाठी चुरस लागते आणि मागे पडलेली झाडे मरतात. या मरणालाही एक प्रमाण असते. पूर्ण दाटीच्या झाडोऱ्यात बुंध्यांचा सरासरी व्यास दुप्पट होईपर्यंत झाडांची संख्या साधारण एक तृतीयांशावर येते, हा संबंध राइनेके या अमेरिकी वनशास्त्रज्ञाने १९३३ मध्ये मांडला. जी झाडे पुढे अशीच गेली असती, त्यांतली काही वेळीच काढून उरलेल्यांना जागा करून देणे, म्हणजे विरळणी.

विरळणीने जंगलाचे एकूण लाकूड वाढते, असा समज असतो, पण तो बहुतेक वेळा खरा नसतो. दाटी बरीच कमीजास्त केली, तरी हेक्टरी एकूण वाढ फारशी बदलत नाही. ती किती बुंध्यांत वाटली जाते, एवढेच बदलते. दाटीचा परिणाम प्रामुख्याने जाडीवर होतो, उंचीवर फारच थोडा. म्हणूनच जमिनीचा कस जोखताना ठरावीक वयाच्या सर्वांत जोमदार झाडांची उंची पाहतात, जाडी नव्हे.

दाटी मोजण्याची एक युक्ती तर मला या शास्त्रातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. ऑस्ट्रियाचे वनाधिकारी वॉल्टर बिटरलिश यांनी ती १९४८ मध्ये प्रसिद्ध केली. एका जागी उभे राहून ठरावीक कोनाच्या फटीतून भोवतालचे प्रत्येक झाड छातीच्या उंचीवर न्याहाळायचे आणि ज्याचा बुंधा फटीपेक्षा रुंद दिसेल, तेवढेच मोजायचे. फटीची रुंदी डोळ्यापासूनच्या तिच्या अंतराच्या एक पन्नासांश असेल, तर ३० सेंटिमीटर जाडीचे झाड १५ मीटरच्या आत असले तरच मोजले जाते. १५ मीटर त्रिज्येचे वर्तुळ सुमारे ७०७ चौरस मीटरचे आणि त्या बुंध्याचा छेद सुमारे ०.०७०७ चौरस मीटरचा, म्हणजे दहा हजारास एक. झाड जाड असो वा बारीक, हे गुणोत्तर तेच राहते. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर, त्यामुळे मोजलेले प्रत्येक झाड हेक्टरी एक चौरस मीटर छेदाचे. २४ झाडे मोजली गेली, तर सर्व बुंध्यांचे छेदक्षेत्र हेक्टरी २४ चौरस मीटर. फीत नाही, आखलेला तुकडा नाही!

निवड मात्र मोजणीइतकी सरळ नसते. तिच्या सरावासाठी बऱ्याच ठिकाणी एक हेक्टरचा तुकडा राखून त्यातल्या प्रत्येक झाडाला क्रमांक देतात आणि त्याची जागा, जाडी, उंची नोंदून ठेवतात. विद्यार्थी काढायची झाडे कागदावर निवडतात, संगणक उरलेल्या झाडोऱ्याचे चित्र दाखवतो, आणि एकाच तुकड्यातून दोघांनी केलेल्या निवडी क्वचितच जुळतात. कुणी दबलेली, वाकडी झाडे काढतो. कुणी उत्तम झाडे हेरून त्यांच्या माथ्याला भिडणारी जोमदार झाडेच काढतो. दुसरा मार्ग नवख्याला उधळपट्टीचा वाटतो, पण राखलेल्या झाडाला उजेड त्यानेच मिळतो. फार उशीर झालेली विरळणी धोक्याची असते: दाटीत उंच आणि सडपातळ वाढलेली झाडे शेजाऱ्यांचा आधार एकदम गेला, की वादळात आडवी होतात.

परिणाम दिसायला दशके लागतात आणि प्रबंधाला जेमतेम दोन वर्षे मिळतात. जर्मनीतल्या काही प्रायोगिक तुकड्यांची मोजणी १८७० च्या दशकापासून चालू आहे, पण असे तुकडे मोजकेच. एरवी विद्यार्थी १०, ३० आणि ६० वर्षांचे झाडोरे शेजारी शेजारी मोजून त्यांना एकाच जंगलाचे तीन टप्पे मानतो. साठ वर्षांचा झाडोरा कधीकाळी त्या दहा वर्षांच्या झाडोऱ्यासारखाच होता, हे यात गृहीत धरलेले असते. माती वेगळी असेल, किंवा जुन्या झाडोऱ्यातली चांगली झाडे मध्येच कुणी तोडून नेली असतील, तर या मोजण्यांवरून काढलेला वाढीचा वक्र केवळ वयाचा परिणाम दाखवत नाही. म्हणून असा प्रबंध हाती आला, की आलेखांच्या आधी त्या तुकड्यांची माती आणि तोडीच्या जुन्या नोंदी तपासाव्या लागतात.