ती अंगठी म्हणजे अणुबॉम्ब नव्हे

‘जे. आर. आर. टोल्किन यांची “द लॉर्ड ऑफ द रिंग्ज” ही जादूच्या अंगठीवरची गाजलेली इंग्रजी महाकादंबरी म्हणजे दुसरं महायुद्ध, आणि अंगठी म्हणजे अणुबॉम्ब’ असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. पुस्तक आलं 1954-55 साली, त्यामुळे तसं वाटणं साहजिकच. पण लेखन सुरू झालं डिसेंबर 1937मध्ये. अंगठी आगीत नष्ट करायची, हा धागा 1938च्या सुमाराच्या मसुद्यांतच सापडतो. बॉम्ब पडला 1945मध्ये. हे मसुदे छापून आलेले आहेत, कुणीही ताडून पाहावेत.

मग युद्धाशी संबंधच नाही? आहे, पण पहिल्या महायुद्धाशी जास्त. टोल्किन 1916 साली फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत सिग्नल अधिकारी होते. तिथे तोफगोळ्यांच्या खड्ड्यांत पाणी साचे, चिखलात प्रेतं रुतून राहत. कादंबरीतल्या दलदलीत पाण्याखाली मेलेल्यांचे चेहरे दिसतात, तो भाग या नजरेने पुन्हा वाचा. त्यावर सोमनंतरच्या उत्तर फ्रान्सची थोडी छाया आहे, हे त्यांनी 1960च्या एका पत्रात मान्य केलंय.

दुसऱ्या आवृत्तीची प्रस्तावनाही जरूर वाचावी (बहुतेक जण ती ओलांडून पुढे जातात). तिथला युक्तिवाद सरळ आहे: कथा खऱ्या युद्धावर बेतलेली असती, तर अंगठी हिसकावून शत्रूवरच वापरली गेली असती.