कात्रिनाला कुणी नवस बोलत नाही

नोव्हेंबरच्या सुरुवातीचा मेक्सिकोचा ‘मृतांचा दिवस’ जवळ आला की फुलापिसांची टोपी घातलेल्या सांगाड्याचे फोटो फिरायला लागतात आणि खाली हमखास लिहिलेलं असतं, ‘मेक्सिकोची मृत्युदेवता कात्रिना’. दरवर्षी हे वाचून वैताग येतो. मेक्सिकोत ज्या सांगाड्याला लोक खरोखर हात जोडतात ती सांता मुएर्ते, म्हणजे ‘पवित्र मृत्यू’. कात्रिनाशी तिचं नातं फक्त हाडांपुरतं.

कात्रिना बहुतेकांना ठाऊक असते, म्हणून थोडक्यात. होसे ग्वादालुपे पोसादा या मेक्सिकन चित्रकाराने १९१० च्या आसपास जस्ताच्या पत्र्यावर कोरलेलं हे व्यंगचित्र. मूळ चित्रात नुसतं मुंडकं आणि टोपी. झगा आणि गळ्यातला पिसांचा सर्प चित्रकार दिएगो रिवेराने १९४७ च्या भित्तिचित्रात चढवला. चमकी थापलेल्या आजच्या कात्रिनांपेक्षा मला पोसादाची ती दात विचकणारी बाईच आवडते.

सांता मुएर्तेच्या हातात लांब दांड्याचा विळा असतो, कधी पृथ्वीचा गोल, कधी तराजू. पण कपड्यांवरून ओळखायला जाल तर फसाल, कारण भक्त तिला नवरीचा पोशाखही घालतात, केसांचा टोपही चढवतात. खरा फरक समोर मांडलेल्या वस्तूंत आहे, आणि तिथेच लोक चुकतात. मृतांच्या दिवसाला गेलेल्या माणसांसाठी घरोघरी जी मांडणी करतात त्या ओफ्रेंदावर तेकिला असते, सिगारेट असते, मेणबत्त्या असतात. सांता मुएर्तेपुढेही हेच सगळं. मग बघायचं काय? हे कुणासाठी ठेवलंय ते. ओफ्रेंदावर आजोबांचा फोटो असतो आणि तेकिला आजोबांची असते. ते रात्री येतात, आवडीचं घेतात, परत जातात. त्यांच्याकडे कुणी काही मागत नाही. शेजारी मातीची कात्रिना असलीच तर शोभेला. सांता मुएर्तेपुढचा पेला मात्र तिचाच, आणि त्यामागे मागणं असतं: मुलगा तुरुंगातून सुटू दे, धंदा चालू दे. मेणबत्तीचा रंगही मागण्याप्रमाणे, प्रेमासाठी लाल, पैशासाठी सोनेरी. नवस बोलायचा, पावली की फेडायचा.

ही भक्ती वर्षानुवर्षं घरात लपून चालायची. २००१ मध्ये मेक्सिको सिटीच्या तेपितो वस्तीत एका बाईंनी मूर्ती रस्त्याच्या कडेला उघड्यावर मांडली आणि बघता बघता गर्दी जमू लागली. त्या देवळीचा वार्षिक उत्सव नेमका ऑक्टोबरच्या अखेरीस येतो, त्यामुळे घोळात भर. तिला ‘ड्रग माफियांची देवी’ म्हणून मोकळं होणंही मला पटत नाही. तिच्यापुढे फेरीवाले, टॅक्सीवाले, कैद्यांच्या आया आणि पोलीसही उभे असतात. कॅथलिक चर्चला ती मान्य नाही. २०१३ मध्ये व्हॅटिकनचे कार्डिनल रावासी यांनी या पंथाला ईशनिंदा ठरवलं.

(ओफ्रेंदावरचा झेंडू मात्र आपल्या दसऱ्याचाच. तो मूळचा तिकडचा.)

राहता राहिला कात्रिना अॅझ्टेक देवीचा अवतार असल्याचा दावा. तो करणाऱ्यांनी त्या चित्रासोबत १९१३ साली छापलेला मजकूर वाचावा. त्यात देवीबिवी कुणी नाही. आपलं मूळनिवासी रूप लपवायला तोंडाला पावडर फासून मिरवणाऱ्या बायकांना, शेवटी तुमचीही कवटीच होणार, एवढंच बजावलंय.